भिंतीवरचं पंचांग-कॅलेंडर : नागपुरात ऋतू ओळखायला किती कामाचं?

दिवाळी आटोपली की सीताबर्डीत, महालात, इतवारीत पुस्तकांच्या आणि पूजेच्या सामानाच्या दुकानांवर नव्या वर्षाची कॅलेंडरं लटकू लागतात. बारा पानं, पुढे तारखा नि तिथी, मागे भविष्य आणि पाककृती, किंमत शंभर रुपयांच्या आत. घरोघरी त्याचा उपयोग एकादशी-चतुर्थी बघायला, सिलिंडर लावल्याची तारीख लिहायला आणि दुधाचे खाडे मांडायला होतो. त्या कामांत त्याला तोड नाही. इथे मात्र आपण त्याची एकच बाजू तपासणार आहोत : नागपुरात राहणाऱ्याला हे कॅलेंडर ऋतू नीट सांगतं का?

आधी निकाल सांगून टाकतो. सांगतं, पण मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं ते नव्हे. कामाचा ऋतू बारीक अक्षरांतल्या एका ओळीत दडलेला असतो आणि ती ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

गोष्ट अशी आहे, की एकाच पानावर ऋतूची तीन वेगवेगळी घड्याळं चालू असतात. पहिलं चांद्र महिन्यांचं. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. शाळेत पाठ केलेलं हेच. दुसरं निरयन सूर्याचं, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्य कोणत्या राशीत किंवा नक्षत्रात आहे त्यावरून. मकर संक्रांत, मृग, आर्द्रा ही सगळी या घड्याळातली. तिसरं सायन सूर्याचं : विषुवदिन (दिवस-रात्र समान) आणि अयनदिन (सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान दिवस) यांच्यापासून मोजलेलं. दिवस लहान-मोठा होणं, ऊन तिरपं किंवा सरळ पडणं हे सगळं या तिसऱ्यावर अवलंबून असतं. पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे हे घडतं. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा होत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, म्हणजे नागपूरकर स्वेटर शोधत असतात तेव्हा.

पानावर ठळक दिसतं ते पहिलं घड्याळ, आणि ऋतूच्या बाबतीत सर्वांत जास्त घसरतं तेही तेच. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. सौर वर्षापेक्षा ते ११ दिवसांनी तोकडं पडतं, म्हणून सण दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून गाडी पुन्हा मागे आणावी लागते. नागपूरकरांना हे मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, तारखेवरून लगेच कळेल. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. तान्हा पोळा आणि मारबत त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन वर्षांत तीन आठवड्यांहून जास्त फरक. सणासाठी हे अगदी योग्य आहे, कारण पोळा हा अमावास्येचा सण, त्याचं नातं चंद्राशी. पण ऊन-पावसाला चंद्राची कला ठाऊक नसते.

२०२६ चं पान उघडलं की हा दोष स्पष्ट दिसतो. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, मग निज ज्येष्ठ, मग आषाढ. श्रावण लागतो १३ ऑगस्टला. चांद्र हिशेबाने ग्रीष्म ऋतू १७ मे ते १२ ऑगस्ट असा जवळजवळ तीन महिने चालतो. नागपुरात जुलै आणि ऑगस्ट हे सर्वांत पावसाचे महिने. छत्री नि रेनकोट घेऊन माणूस वर्धा रोडवरच्या पाण्यातून गाडी काढत असताना भिंतीवर ग्रीष्म ऋतू लिहिलेला असतो. यात छापणाऱ्याची चूक नाही. त्याने नियमाने छापलं आहे, तो नियमच वेगळ्या कामासाठी आहे.

निरयन घड्याळाची चूक वेगळ्या तऱ्हेची, संथ पण कायमची. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे विषुवबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात वर्षाला सुमारे ५०.३ विकला (एक अंश म्हणजे ३६०० विकला) मागे सरकतो. ७२ वर्षांत एक अंश, म्हणजे सुमारे एक दिवस. सायन आणि निरयन यांतलं हे अंतर, ज्याला अयनांश म्हणतात, आज सुमारे २४ अंश आहे. म्हणून उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. संक्रांतीच्या दिवशी ‘आजपासून उत्तरायण’ असं छापणारं कॅलेंडर या एका बाबतीत साडेतीन आठवडे मागे आहे. तिळगूळ त्याच दिवशी वाटावा, पतंगही त्याच दिवशी उडवावेत. दिवस मोठा व्हायला लागला तो मात्र नाताळाच्या आधीच.

आता ती बारीक ओळ. १८-१९ फेब्रुवारी, १९-२० एप्रिल, २१ जून, २३ ऑगस्ट, २३ ऑक्टोबर आणि २१-२२ डिसेंबर या तारखांच्या चौकटीत भिंग लावून बघा. चांगल्या पंचांग-कॅलेंडरात तिथे ‘सौर वसंत ऋतू प्रारंभ’, ‘सौर ग्रीष्म ऋतू प्रारंभ’, ‘सौर वर्षा ऋतू प्रारंभ’ अशा नोंदी असतात. कुठे कुठे नुसतंच ‘सायन कर्क’, ‘सायन मकर’ एवढंच असतं. हाच सायन ऋतू, आणि नागपूरला सर्वांत घट्ट बसतो तोही हाच.

पडताळून बघू. सायन ग्रीष्म २० एप्रिल ते २१ जून. नागपूरची काहिली नेमकी याच काळातली. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली, तीही याच चौकटीत. सायन वर्षा २१ जून ते २३ ऑगस्ट. मोसमी पाऊस विदर्भात साधारण जूनच्या मध्याला पोचतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये जोर धरतो, तेव्हा हेही जुळतं. सायन शिशिर २२ डिसेंबर ते १८ फेब्रुवारी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं, ते या शिशिराच्या सुरुवातीलाच. तीन मुख्य ऋतू जागच्या जागी.

वसंताचं मात्र थोडं जुळत नाही. सायन वसंत १९ फेब्रुवारीला लागतो, पळसही त्याच सुमाराला पेटतो, इथपर्यंत ठीक. पण तो २० एप्रिलपर्यंत चालतो असं म्हणणं नागपुरात टिकत नाही. मार्चच्या अखेरीस पारा चाळिशीला भिडायला लागतो. इथला वसंत जेमतेम महिन्याचा, बाकीचा उन्हाळ्याने खाल्लेला. सहा ऋतूंची वाटणी दोन-दोन महिन्यांची सरळ आहे, हवामान तसं सरळ नाही. शरदालाही हेच लागू : सप्टेंबरभर पाऊस रेंगाळतो आणि ऑक्टोबरमध्ये तो जाताच दुपारी पुन्हा चटका बसतो.

कॅलेंडर विकत घेताना ज्यांना तारखेवर विश्वास ठेवायचा नाही त्यांच्यासाठी घरच्या घरी करण्याची एक तपासणी आहे, आणि ती नागपुरात विशेष सुंदर होते, कारण शहर कर्कवृत्ताच्या जरा खाली, २१.१५ अंश उत्तरेवर आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी गच्चीवर ओळंब्याने उभी करा. फरशी समतल आहे का ते पाण्याच्या पातळीने बघा. स्थानिक मध्यान्ह बाराला नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नागपूर ७९.१ वर, म्हणून साडेतेरा मिनिटं आधीच वाढतात. त्यात वर्षभरातला सूर्याच्या चालीचा फरक मिळवला की मार्चच्या विषुवदिनी मध्यान्ह साधारण १२.२१ ला, सप्टेंबरच्या विषुवदिनी १२.०६ ला, दोन्ही अयनदिनांच्या सुमारास १२.१२ ते १२.१६ च्या दरम्यान येते. घड्याळ चुकेल अशी भीती असेल तर पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हाची.

२१-२२ डिसेंबरला ही सावली ९८-९९ सेंटिमीटर भरेल, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. विषुवदिनी ३८-३९ सेंटिमीटर. २१ जूनला अवघी ४ सेंटिमीटर, आणि तीही उत्तरेला नव्हे, दक्षिणेला पडलेली, कारण सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो. मधे २६ मेच्या सुमारास सावली काठीच्या पायातच जाते. हा नागपूरचा शून्य सावलीचा दिवस, वेळ दुपारी १२.१० च्या आसपास. दुसरा १७-१८ जुलैला, पण तो बहुधा ढगात हरवतो.

यात चुकतं कुठे तेही सांगतो. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीचं टोक पुसट असतं. डिसेंबरात दीड-दोन सेंटिमीटर पट्टा धूसर दिसेल, त्याच्या मधोमध खूण करावी. काठी एक अंशाने जरी कलली तरी विषुवदिनी सावलीत जवळपास दोन सेंटिमीटरची चूक येते. आणि अयनदिन नेमका कोणता हे काठीवरून ठरत नाही, कारण १८ ते २५ डिसेंबर सावली जवळपास हलतच नाही. तपासणीचा खरा दिवस विषुवदिन. त्या सुमारास सावली रोज ८ मिलिमीटरने बदलते, म्हणजे कॅलेंडर दोन-तीन दिवसांनी चुकलं तरी पकडलं जातं.

शून्य सावलीवरून नवतप्याची गोष्ट निघते, आणि या बाबतीत कॅलेंडरला पूर्ण गुण द्यायला हवेत. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो २५ मेला. तिथून नऊ दिवस नवतपा. नागपूरवर सूर्य सरळ डोक्यावर येतो २६ मेला. निरयन घड्याळाची ही खूण आजच्या घडीला नागपूरच्या भूगोलावर तंतोतंत बसली आहे. दिवस सर्वांत मोठा २१ जूनला, सुमारे १३ तास २५ मिनिटांचा, तरी सर्वांत ताप मेमध्ये. याचं कारण हेच : सूर्य मेअखेरीस डोक्यावर असतो, आकाश निरभ्र असतं, जमीन सुकलेली असते आणि मग जूनच्या मध्याला ढग येऊन ऊन अडवतात. पावसाने मधेच तोडलं नसतं तर इथलाही कळस पुढे सरकला असता. नवतप्याच्या नऊ दिवसांतच पारा कळस गाठेल याची मात्र खात्री नाही. वर सांगितलेला ४७.९ चा दिवस नवतप्याच्या दोन दिवस आधीचा आहे.

पावसाच्या नक्षत्रांचा तक्ता जूनच्या पानावर असतो : मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, आश्लेषा २-३ ऑगस्ट, मघा १६-१७ ऑगस्ट आणि पुढे हस्तापर्यंत. एका नक्षत्रात सूर्य १३-१४ दिवस असतो. या तारखा इंग्रजी तारखांशी जवळजवळ घट्ट बांधलेल्या, म्हणून शेतकऱ्याला त्या चांद्र महिन्यापेक्षा कितीतरी भरवशाच्या वाटतात, आणि ते रास्त आहे. आर्द्रा तर सायन वर्षा ऋतूच्या तोंडाशीच येते. सोबत छापलेलं वाहन, म्हणजे बेडूक, हत्ती, कोल्हा, गाढव वगैरे, हे सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांतलं अंतर मोजून, नऊने भागून उरलेल्या बाकीवरून काढलेलं असतं. त्यात ना वारा आहे, ना समुद्राचं तापमान. पेरणी त्यावर ठेवू नये.

संत्र्याच्या बागेत मात्र नक्षत्राचं नाव थेट कामाला येतं. मृग बहार म्हणजे जून-जुलैत फुलणारा आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीला येणारा. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि ऑक्टोबर-डिसेंबरात कळमन्याच्या बाजारात दिसतो. दोन्हींसाठी आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो : हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, कारण ती ओल धरून ठेवते. मृगाची तारीख कॅलेंडरावर ७ जून आहे म्हणून त्याच हिशेबाने ताण दिला आणि पाऊस पंधरा दिवस लांबला, तर ताण गरजेपेक्षा वाढतो, पानगळ होते आणि बहार विस्कळीत फुटतो. हाताशी पाणी असेल तरच तारीख धरावी. नसेल तर हवामान खात्याचा अंदाज धरावा.

हवामान खात्याचं घड्याळ चौथं, आणि ते या कॅलेंडरात नसतंच. त्यांचे ऋतू चार : जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमीपूर्व, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर मोसमोत्तर. महिने सरळ कापलेले, कारण आकडेवारीची सरासरी काढायला ते सोपं. पण ऋतू प्रत्यक्ष लागला की नाही हे ते तारखेवरून ठरवत नाहीत, मोजमापावरून ठरवतात. केरळात मोसमी पाऊस आला असं जाहीर करायला १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडावा लागतो, शिवाय पश्चिमी वाऱ्यांची खोली आणि ढगांची दाटी यांच्याही अटी आहेत. उष्णतेची लाट सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तर धरली जाते. ४५ गाठलं तर सरासरी न बघताही. नागपूरला सोनेगावजवळ प्रादेशिक हवामान केंद्र आहे, विदर्भाचा रोजचा अंदाज तिथूनच निघतो आणि फोनवर फुकट बघता येतो. भिंतीवरच्या कॅलेंडराला ही जोड दिलीच पाहिजे.

फोनमधल्या परदेशी कॅलेंडर-ॲपचे वसंत, उन्हाळा, ‘ऑटम’, हिवाळा हे चार ऋतू समशीतोष्ण देशांसाठी आहेत. पावसाळा हा ऋतूच ज्यात नाही ते नागपुरात काय कामाचं?

ऋतू बदलला हे सांगणारं घरातलं सर्वांत खरं यंत्र म्हणजे कूलर. मेमध्ये हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या पाऱ्याचं तापमान, म्हणजे नुसत्या पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जितकी थंड होऊ शकते तितकं, २२-२३ येतं, आणि ताट्या स्वच्छ असतील तर कूलर २६-२७ अंशांची हवा फेकतो. जूनअखेर हवा ३४ आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ओला पारा २९ वर असतो, कूलर ३० च्या खाली जाऊच शकत नाही आणि खोली चिकट होते. पंपात किंवा खसच्या ताट्यांत काही बिघडलेलं नसतं. ऋतू बदललेला असतो. ज्या दिवशी हे जाणवेल ती तारीख कॅलेंडरावर पेन्सिलीने लिहा. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी झाल्या की आपल्या घराचा वर्षा ऋतू कधी लागतो ते छापील ओळीपेक्षा चांगलं कळतं.

एक तक्रार उरते, आणि ती ऋतूपेक्षा रोजची आहे. पुष्कळ कॅलेंडरांत सूर्योदय-सूर्यास्त मुंबईचे असतात. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंश, म्हणजे वेळेत २५ मिनिटं पुढे. पण नुसते २५ वजा करून भागत नाही, कारण आपण दोन अंश उत्तरेलाही आहोत. जूनमध्ये सूर्योदयातून सुमारे २९ आणि सूर्यास्तातून २१ मिनिटं वजा करायची, डिसेंबरात उलट : सूर्योदयातून २१, सूर्यास्तातून २९. मार्च-सप्टेंबरात दोन्हींतून २५. संकष्टीचा चंद्रोदयही गावागणिक बदलतो, त्यासाठी नागपूरचा रकाना असलेलंच कॅलेंडर घ्यावं.

सहा ऋतूंची सायन मांडणी कुठलीही सरमिसळ न करता हवी असेल तर भारत सरकारचं राष्ट्रीय पंचांग बघा. ते मराठीतही निघतं. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, भारतीय सौर दिनदर्शिका लागू झाली. तिचं वर्ष विषुवदिनाच्या लगेच दुसऱ्या दिवशी सुरू होतं, वैशाख ते भाद्रपद महिने ३१ दिवसांचे, बाकीचे ३० चे, लीप वर्षी चैत्र ३१ चा. अधिक मासाची भानगड नाही. आकाशवाणीच्या बातम्यांत ही तारीख ऐकू येते. भिंतीला मात्र ते लावता येत नाही, पुस्तक आहे, आणि सण बघायला घरातल्या सगळ्यांना सोपं पडत नाही. म्हणून भिंतीवर नेहमीचं कॅलेंडर आणि कपाटात हे, असं आम्ही सुचवू.

दुकानात कॅलेंडर हातात घेतलं की पाककृती नंतर बघा. आधी जूनचं पान उलटा. २१ तारखेच्या चौकटीत दक्षिणायन आणि सौर वर्षा ऋतू आहे का? मग डिसेंबरात २१-२२ ला उत्तरायण आहे का? मग नागपूरचा रकाना. तिन्ही असतील तर घ्या. पहिल्या दोन नसतील आणि उत्तरायण फक्त १४ जानेवारीला छापलेलं असेल, तर ते सणांसाठी ठेवा आणि सायन ऋतूंच्या सहा तारखा लाल पेनाने स्वतः लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे, वर्षभर पुरतं.